वाय-फाय दिसत नाही? आधी कर्नलने काय लिहून ठेवलंय ते वाचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि मुंबईतल्या कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू झाली. लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, पण तब्येतीने ठणठणीत. विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही आणि नवा घ्यायचा विचार पुढच्या बोनसपर्यंत ढकललेला. मग कुणाचा तरी भाचा, नाहीतर सोसायटीतला इंजिनिअरिंगचा मुलगा पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टम, घेऊन येतो आणि चहा होईपर्यंत इन्स्टॉल करून टाकतो. आवाज येतो, ब्राइटनेस बदलतो, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं. फक्त कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह नसतं.

पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. मोबाइलवर शोधायचं, पहिल्या दुव्यावरच्या चार-पाच ओळी उचलायच्या, पुढे सुडो (सिस्टममध्ये बदल करायची परवानगी देणारा शब्द) लावून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवायच्या. नाही चाललं तर दुसरा दुवा. त्यातली एखादी युक्ती दहा वर्षांपूर्वीची असते, एखादी भलत्याच चिपसाठी लिहिलेली. संध्याकाळपर्यंत वाय-फाय तर येत नाहीच, वर सिस्टम अपडेटही अडकून बसतं. माझं म्हणणं एवढंच, की वाय-फाय न चालण्याची कारणं मोजकी आहेत, ती एका क्रमाने येतात, आणि नेमकं कुठे अडलंय हे बहुतेक वेळा कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, आधीच लिहून ठेवलेलं असतं. ते वाचल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करायचं नाही.

पुढे आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

सुरुवातीलाच एक अडचण सोडवून घेऊ. इंटरनेट दुरुस्त करायला इंटरनेट लागतं. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर बहुतेक फोन तेच नेट केबलमधून पुढे देतात, म्हणजे मोबाइलचा डेटाही खर्ची पडत नाही. केबल मात्र फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी.

ड्रायव्हर वेगळा, फर्मवेअर वेगळं

हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

वाय-फाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे. रेडिओ लहरींचं वेळापत्रक मायक्रोसेकंदांत चालतं. कधी बोलायचं, कधी थांबायचं, पोच कधी द्यायची, हे प्रत्येक वेळी लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरला विचारत बसायला सवड नसते. म्हणून कार्डाच्या आतच एक प्रोग्राम चालतो. तो म्हणजे फर्मवेअर. ड्रायव्हर चालतो मुख्य प्रोसेसरवर, कर्नलचा भाग म्हणून. कार्डाशी बोलणं आणि त्याला कामं सांगणं हे त्याचं काम.

गंमत अशी, की आजच्या बहुतेक कार्डांमध्ये हे फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं. वीज आली की कार्डाची मेमरी कोरी असते. ड्रायव्हर डिस्कवरच्या लिब/फर्मवेअर या फोल्डरमधून योग्य नावाची फाइल शोधतो, ती कार्डात भरतो, आणि मग कार्ड जागं होतं. दर वेळी मशीन सुरू करताना हे नव्याने घडतं.

मुंबईकराला हे लोकलच्या भाषेत सांगता येईल. पुढे मोटरमन, मागे गार्ड. रेल्वेने २०२२ मध्ये गार्डचं पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलं, पण फलाटावर अजून गार्डच म्हणतात. मागून घंटी आल्याशिवाय मोटरमन गाडी हलवत नाही. ड्रायव्हर हा मोटरमन आणि फर्मवेअर हा गार्ड. गार्ड चढलाच नसेल, तर मोटरमन कितीही निष्णात असो, गाडी फलाटावरच.

आणि दोघांचे मालक वेगळे. ड्रायव्हरचा सोर्स कोड सहसा खुला असतो, तो कर्नलसोबत येतो आणि जगभरातले लोक तो सुधारतात. फर्मवेअर ही चिप बनवणाऱ्या कंपनीने दिलेली तयार फाइल. तिच्या आत काय आहे ते सहसा बाहेरच्या कुणाला दिसत नाही. ती लिनक्स-फर्मवेअर नावाच्या वेगळ्या साठ्यातून, वेगळ्या पॅकेजने येते. कर्नल एका तारखेला अपडेट होतो, फर्मवेअर दुसऱ्या तारखेला. काल चालणारं वाय-फाय आज अपडेटनंतर बंद पडतं, त्यामागे पुष्कळदा या दोघांची चुकलेली जोडी असते.

या बंद फायलींवरून तात्त्विक भांडणंही खूप झाली. उबुंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियन लिनक्सने कित्येक वर्षं अशी फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलीच नाहीत. २०२२ मध्ये तिथल्या विकासकांनी मतदान करून धोरण बदललं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती इन्स्टॉलरसोबतच मिळतात. तत्त्व म्हणून जुनी भूमिका मला पटायची. पण वाय-फाय नसलेल्या लॅपटॉपवर वाय-फायचं फर्मवेअर इंटरनेटवरून उतरवून घ्या, असं नवशिक्याला सांगणं म्हणजे क्रूर विनोद होता.

कार्ड दिसतंय का, आणि त्याला कोण चालवतंय?

आता तपासणी. लॅपटॉपच्या आतल्या कार्डासाठी आज्ञा आहे एलएसपीसीआय, पुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि एनएनके ही अक्षरं. यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं बाहेरचं वाय-फाय, असेल तर एलएसयूएसबी. यादीत नेटवर्क कंट्रोलर किंवा वायरलेस असा उल्लेख असलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा, दुसरा चिपच्या मॉडेलचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अ‍ॅथेरॉस. यूएसबीच्या जगात आकडे वेगळे, तिथे रिअलटेकचा ०बीडीए. कार्डाची खरी ओळख हीच. खोक्यावरचं चकचकीत नाव विसरा आणि शोध घ्यायचा तर या जोडीवरून घ्या.

त्याच ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहिलेलं असेल, तर ड्रायव्हर कार्डाला लागला आहे. इंटेलसाठी तिथे आयडब्ल्यूएलवायफाय दिसेल, नव्या रिअलटेकसाठी आरटीडब्ल्यू८८ किंवा आरटीडब्ल्यू८९ ने सुरू होणारं नाव, मीडियाटेकसाठी एमटी७९२१ई सारखं काही. ही ओळच नसेल, तर कर्नलला हे कार्ड ओळखता येत नाही, किंवा ओळखूनही काही कारणाने ड्रायव्हर उभा राहिला नाही.

पूर्ण कार्डच यादीत नसेल तर प्रश्न लिनक्सचा नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वायरलेस बंद केलेलं असू शकतं, किंवा कार्ड खाचेत नीट बसलेलं नसतं. रॅम वाढवायला लॅपटॉप उघडला होता आणि तेव्हापासून वाय-फाय गेलं, असं कुणी सांगितलं की आधी कार्ड काढून परत बसवायचं आणि अँटेनाच्या दोन बारीक वायरी बघायच्या.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळा सापळा आहे. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शटडाउन’ म्हटल्यावर मशीन पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि वाय-फाय कार्ड त्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं. आलटून पालटून कधी चालतं कधी नाही अशी तक्रार असेल, तर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा.

ड्रायव्हरच नसेल तर कर्नलची आवृत्ती बघा, आज्ञा यूनेम, पुढे उणे आर. चिप कर्नलपेक्षा नवी असेल, तर तो तिला ओळखणार कसा? रिअलटेकचा आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नल ५.२ सोबत आला, आरटीडब्ल्यू८९ जानेवारी २०२२ मध्ये ५.१६ सोबत, आणि पुढे एकेक चिप त्यांत जोडली गेली. यावरचा सरळ उपाय म्हणजे नवा कर्नल: उबुंटूचा एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल, मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये दिसणारा पुढचा कर्नल, डेबियनच्या बॅकपोर्ट्समधला, म्हणजे चालू आवृत्तीला नवी पॅकेजं देणाऱ्या साठ्यातला. कुठून तरी कोड उतरवून ड्रायव्हर स्वतः बांधणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

लॉगमधली ती एक ओळ

ड्रायव्हर लागलाय, तरी वाय-फाय नाही. आता डीएमईएसजी, ज्याला सगळे डी-मेसेज म्हणतात. सुडो लावून चालवा. कर्नलने मशीन सुरू झाल्यापासून काय काय केलं त्याची नोंद समोर येते. ती लांबलचक असते, म्हणून ग्रेप (हव्या शब्दाच्या ओळी गाळून देणारी आज्ञा) लावून त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा, मग ड्रायव्हरचं नाव शोधा.

सगळ्यात जास्त भेटणारी ओळ अशी असते: ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर’, मग फाइलचं नाव, मग ‘फेल्ड विथ एरर -२’. हा उणे दोन फार उपयोगाचा आहे. त्याचा अर्थ फक्त ‘अशी फाइल सापडली नाही’. कार्ड बिघडलेलं नाही, ड्रायव्हर चुकलेला नाही, गार्ड ड्युटीवर आलेला नाही इतकंच. आणि कुठली फाइल हवी तेही त्याच ओळीत आहे.

पण इथे इंटेलवाल्यांनी घाबरायच्या आधी पुढच्या दोन-तीन ओळी वाचाव्यात. आयडब्ल्यूएलवायफाय आपल्याला चालणाऱ्या सगळ्यात नव्या आवृत्तीची फाइल आधी मागतो, नाही मिळाली तर एक आकडा खाली, मग आणखी एक खाली. म्हणजे तीन ओळी ‘सापडली नाही’ म्हणतील आणि चौथी म्हणेल ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अमुक. हे पूर्ण निरोगी लक्षण आहे. पहिल्या तीन ओळींचा स्क्रीनशॉट काढून मदत मागणारे रोज दिसतात. ‘नो सुटेबल फर्मवेअर फाउंड’ असं शेवटी आलं तरच फाइल खरोखर कमी आहे.

कमी असेल तर उबुंटू आणि मिंटवर लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अपडेट करा. डेबियनवर कंपनीनुसार पॅकेजं वेगळी आहेत: फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-रिअलटेक, फर्मवेअर-अ‍ॅथेरॉस. डेबियन १२ च्या आधीपासून अपग्रेड करत आलेल्यांनी सोर्सेसच्या, म्हणजे पॅकेजं जिथून येतात त्या ठिकाणांच्या, यादीत नॉन-फ्री-फर्मवेअर हा नवा विभाग आहे ना, तेही पाहावं, नाहीतर पॅकेज तिथे असूनही दिसत नाही. मग मशीन रिस्टार्ट न करता पूर्ण बंद करून सुरू करा. रिस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटत नाही, त्यामुळे अडकलेलं कार्ड कधी कधी अडकलेलंच राहतं.

फाइल हाताने उतरवून फोल्डरमध्ये टाकता येते, पण नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. हल्ली या फायली दाबून ठेवलेल्या असतात आणि नावाच्या शेवटी झेडएसटी किंवा एक्सझेड लागलेलं असतं. कर्नल त्या स्वतः उलगडतो, तुम्ही उलगडायची गरज नाही. जुन्या कर्नलला मात्र हे जमत नाही: एक्सझेड ५.३ पासून वाचता येतं, झेडएसटी ५.१९ पासून. फाइल डोळ्यांसमोर आहे आणि कर्नल म्हणतो सापडत नाही, असं झालं तर हे तपासा.

उणे ११० असा आकडा दिसला तर गोष्ट वेगळी. फाइल मिळाली, पण कार्डाने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, मग सुरू करा. हसू येईल, पण कार्डाची उरलीसुरली वीज गेली की बऱ्याचदा ते शुद्धीवर येतं.

तिसरा प्रकार म्हणजे फर्मवेअर चालता चालता कोसळणं. इंटेलवर ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’ अशी ओळ येते आणि तिच्याबरोबर आकड्यांचा पूर. एखाद वेळी झालं तर सोडून द्या, ड्रायव्हर ते स्वतःच पुन्हा सुरू करतो. दर दहा मिनिटांनी होत असेल, तर सगळ्यात नव्या फर्मवेअर फाइलचं नाव तात्पुरतं बदलून ठेवा. ड्रायव्हर एक पायरी खाली उतरून आधीची आवृत्ती उचलेल. फरक पडला तर दोषी सापडला, नाही पडला तर नाव पूर्ववत करा.

आणि ‘काल अपडेट केलं, आज गेलं’ या तक्रारीवर सगळ्यात स्वस्त चाचणी ग्रबच्या, म्हणजे कुठला कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत आहे. मशीन सुरू होताना अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन मागचा कर्नल निवडा. त्यावर वाय-फाय चाललं, तर संशय नव्या कर्नलच्या ड्रायव्हरवर. त्यावरही नाही चाललं, तर फर्मवेअरचं पॅकेज कधी बदललं ते पाहा, कारण ते दोन्ही कर्नलना एकच असतं.

आरएफकिल, म्हणजे वाय-फायचा रेडिओ बंद-चालू करणारी कळ, ही बारीक गोष्ट राहिली. आरएफकिल लिस्ट म्हटल्यावर ‘सॉफ्ट ब्लॉक्ड येस’ दिसलं तर आरएफकिल अनब्लॉक वाय-फाय, काम संपलं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपवरचं बटण किंवा विमानाचं चिन्ह असलेली की.

लॅमिंग्टन रोडचा डोंगल

आतलं कार्ड नाहीच चालत म्हटल्यावर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा हा मुंबईचा रिवाज. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण दुकानाचा पत्ता विचारताना ते कुणी म्हणत नाही. तिथे नखाएवढा डोंगल स्वस्तात मिळतो, दुकानदार म्हणतो, “साहेब, लिनक्सवर पण चालतो.” चालतोही. कुठल्या कर्नलवर, आणि आत चिप कुठली, हे मात्र त्यालाही माहीत नसतं.

डोंगलचा खरा घोळ हा, की नाव तेच राहतं आणि आतली चिप बदलते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे प्रसिद्ध उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती, जिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि फर्मवेअरचा कोडसुद्धा खुला. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. जुनी स्तुती वाचून नवा डोंगल घेणारे पस्तावले. म्हणून खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला व्हर्जनचा आकडा वाचायचा.

काही रिअलटेक डोंगल लावल्या लावल्या चक्क सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि आधी तोच पुढे केला जातो. एलएसयूएसबीमध्ये ०बीडीए:१ए२बी अशी जोडी दिसली तर हेच समजा. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज त्याला वाय-फायच्या रूपात आणतं. कधी नुसतं फाइल मॅनेजरमधून ती ‘सीडी’ इजेक्ट केली तरी भागतं.

चिपसाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर नसेल, तर बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएस या साधनाच्या मदतीने बसवतात. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर तो पुन्हा बांधला जातो, त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायली) लागतात. हेडर्स आले नाहीत किंवा ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलला जुळला नाही, की अपडेटनंतर वाय-फाय गुल. शिवाय सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) सुरू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणतो. असा ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे एनरोल एमओके (आपली सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत एंटर दाबून पुढे गेलात, तर मोकयूटिल ही आज्ञा वापरून सगळं पुन्हा करावं लागतं. या कटकटीमुळेच बाहेरच्या ड्रायव्हरवर चालणारा डोंगल मी कुणाला सुचवत नाही. काका-मावशींना तर मुळीच नाही, कारण दर अपडेटला फोन आपल्यालाच येतो.

ब्रॉडकॉमबद्दल थोडक्यात. जुन्या मॅकबुकमधल्या बीसीएम४३६० ला कंपनीचा बंद ड्रायव्हर डब्ल्यूएल लागतो. उबुंटूत तो अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्समध्ये आणि मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजरमध्ये मिळतो. त्याहून जुन्या कार्डांचं बी४३ फर्मवेअर वाटायची परवानगीच नाही, म्हणून पॅकेज ते इन्स्टॉल होताना इंटरनेटवरून ओढून घेतं. फोनची केबल लावूनच करा.

जोडलं जातं, पण टिकत नाही

ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, नेटवर्कं दिसतात, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो. आधी पॉवर सेव्हिंग बंद करून बघा. उबुंटूमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय डॉट पॉवरसेव्ह हा आकडा ३ असतो, तो २ केला की बचत बंद. काही रिअलटेक कार्डांना पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि मशीनमधल्या जोडणीची, वीजबचतही सोसत नाही. त्यांच्या ड्रायव्हरला डिसेबल-एएसपीएम हा पर्याय १ करून देतात.

राउटर फोनला दिसतो पण लॅपटॉपला दिसत नाही, असं असेल तर देशाचा कोड बघा: आयडब्ल्यू रेग गेट. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचे १२ आणि १३ हे चॅनल चालतात, अमेरिकेत ते वापरात नाहीत. मशीन स्वतःला अमेरिकेत समजत असेल, तर १३ वर बसलेला राउटर त्याला सापडणार नाही. इंटेलची नवी कार्डं हा निर्णय स्वतःच घेतात, तुम्ही सांगितलेला देश ती मानत नाहीत. त्यामुळे सोपं काय, तर राउटरच १, ६ किंवा ११ वर आणायचा.

आणि कधी कधी लिनक्सचा काही दोष नसतो. परळ-लोअर परळच्या टॉवरमध्ये किंवा गिरगावातल्या चाळीत वाय-फायची यादी उघडा, स्क्रीन भरून नावं येतात. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच. तिथे कुठला ड्रायव्हर काय करणार? राउटर आणि कार्ड दोन्ही ५ गिगाहर्ट्‌झ जाणत असतील तर तिकडे जा. भारतात या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला आहे.

कार्डच बदलायचं ठरलं, तर यूएसबी डोंगलपेक्षा लॅपटॉपच्या आत बसणारं एम डॉट टू कार्ड बरं. इंटेल एएक्स२०० किंवा एएक्स२१० मागा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असतात, त्याच खाचेत बसतात, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या ठराविक प्रोसेसरमध्येच होतं. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ती निरुपयोगी. शिवाय काही जुन्या लॅपटॉपचं बायोस ठरावीक कार्डांशिवाय दुसरं कार्ड घेतच नाही आणि सुरू होतानाच अडून बसतं. हे दुकानातच कळलेलं बरं. म्हणून जाताना लॅपटॉप आणि लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या, कार्ड तिथेच बसवून घ्या, एलएसपीसीआय आणि डी-मेसेज बघा, दुकानदाराच्या हॉटस्पॉटला जोडून पाहा, आणि मग पैसे द्या.